गवत पालटणारे यंत्र आणि हरवलेला दात



नाताळात एका मंडळीच्या भेटीला गेलो होतो. उपासना संपल्यावर एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले, "ते गवताचे यंत्र झाले का हो पूर्ण?" मी "होय" म्हणालो, आणि लगेच "नाही" असेही म्हणालो. ते हसले. पण त्यांनी या कामासाठी स्वतःच्या पेन्शनमधून देणगी दिलेली होती. त्यांना आणि आपणा सर्वांना नीट उत्तर मिळायला हवे, म्हणून हा लेख.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. या परिसरातील आंध समाजाच्या एका वस्तीवर आपले काम चालते. बहुतेक कुटुंबांकडे थोडी कोरडवाहू जमीन, दोन-चार शेळ्या आणि काहींकडे एक बैलजोडी आहे. पूर्वी या भागात ज्वारी भरपूर होती, त्यामुळे घरोघरी कडबा असायचा. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीन वाढले आणि ज्वारी कमी झाली. सोयाबीनचे कुटार ढोरे खातात, पण कडब्याची सर त्याला येत नाही. म्हणून धुऱ्यावरचे, पडीक वावरातले आणि गायरानातले गवत कापून, वाळवून, त्याची गंजी रचून ठेवावी लागते. उन्हाळ्यात तीच गंजी कामाला येते.

अडचण वेळेची आहे. गवत कापायचे ते आश्विनात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येतो. त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते, आणि दिवाळी झाली की तरणी माणसे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघून जातात. मागे म्हातारे आईवडील आणि ढोरे राहतात. गवत ओले राहून काळे पडले, तर चैत्रात बैल विकायची वेळ येते. चैत्रात बैल विकला, की मृगात पेरणीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

गवत वाळते म्हणजे काय होते?

यंत्राचे सांगण्याआधी हे समजून घेऊ, कारण आमची पहिली चूक इथेच झाली.

फुलोऱ्यात कापलेल्या हिरव्या गवतात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असते. गंजीत सुरक्षित राहायचे तर ते १५ टक्क्यांच्या आसपास यावे लागते. हिशेब करून पाहा. १०० किलो हिरव्या गवतात ७५ किलो पाणी धरले, तर कोरडा भाग उरतो २५ किलो. तेच गवत नीट वाळले की त्याचे वजन भरते सुमारे २९ ते ३० किलो. म्हणजे ७० लिटर पाणी, जवळपास पाच हंडे, उन्हाने आणि वाऱ्याने उडून जावे लागते.

गवत जमिनीवर पडून राहिले तर वरचा थर वाळतो आणि खालच्या थराला जमिनीची ओल लागत राहते. वरचे गवत खालच्यावर पांघरुणासारखे बसते. म्हणून ते उलटावे लागते. शिवाय कापलेले गवत लगेच मरत नाही. ओल बरीच उतरेपर्यंत ते श्वास घेत राहते आणि स्वतःतली साखर जाळत राहते. जितके लवकर वाळेल तितका चाऱ्यात कस उरतो.

ओले गवत रचले तर गंजी आतून तापते आणि बुरशी येते. उष्णता ६५ अंशांच्या वर गेली की आपोआप आग लागण्याचा धोका सुरू होतो. जुनी माणसे गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवतात आणि थोड्या वेळाने बाहेर काढून हाताला लावून पाहतात. हात टेकवत नसेल तर गंजी मोडून पसरावी. ही परीक्षा आजही चांगली आहे.

पण गवत उलटण्यालाही वेळ पाहावी लागते. पाने आधी वाळतात आणि काडी नंतर. भर दुपारी कडक झालेले गवत जोरात हलवले तर पानांचा चुरा होऊन जमिनीवर पडतो, आणि खरा कस पानांतच असतो. म्हणून पहिल्या दिवशी, गवत अजून लवचीक असताना, ते मोकळे करावे. संध्याकाळी दव पडण्याआधी लहान ढीग घालावेत. दुसऱ्या दिवशी दव उठता उठता पुन्हा पसरावे. वस्तीवरच्या बाया हे सगळे दाताळ्याने आणि हाताने करत होत्या. त्यांना हे मी शिकवले नाही, मी त्यांच्याकडून शिकलो.

आधी इतरांनी काय केले होते

गवत पालटायचे यंत्र ही जुनी कल्पना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये वोबर्न येथील रॉबर्ट सॅमन यांनी घोड्याने ओढायचे असे यंत्र केले होते. फिरत्या ढोलावरचे दात गवत उचलून मागे उधळत. पुढे १९४८ मध्ये हॉलंडमधील कॉर्नेलिस आणि आरी व्हान डर लेली या भावांनी वेगळी युक्ती वापरली. त्यांच्या यंत्राला इंजिनाचा जोर लागत नव्हता. दात बसवलेली चाके जमिनीला टेकून ओढली की आपोआप फिरत.

आपल्या देशातील मिशनच्या कामातही असा एक धडा आहे. सॅम हिगिनबॉटम यांनी १९१० साली अलाहाबादला यमुनेकाठी शेतकी संस्था सुरू केली. तिथे १९२१ मध्ये मेसन वॉ नावाचे अभियंते आले. त्यांनी "वाह वाह" आणि "शाबाश" या नावांचे नांगर तयार केले. पुढे १९४२ मध्ये याच संस्थेत शेती अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. वॉ यांची दृष्टी मला मोलाची वाटते. इथल्या लहान बैलांना ओढता येईल आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल असेच अवजार शेतकऱ्याच्या कामाचे. परदेशात गाजलेले यंत्र आणून ठेवले तर ते पहिल्या बिघाडापर्यंत चालते आणि मग त्यावर कोंबड्या बसतात.

पहिला नमुना

हे सगळे वाचूनही पहिल्या हंगामात आम्ही ढोलाचेच यंत्र केले, कारण ते दिसायला यंत्रासारखे दिसत होते. भंगारातला एक पिंप, त्यावर दात, बाजूला सायकलची साखळी आणि चक्रे. गावातील वेल्डिंगवाल्या भावांनी रात्री जागून काम केले.

वावरात नेल्यावर पंधरा-वीस पावलांतच लांब गवत आसाला गुंडाळले गेले. साखळी उतरली. ती बसवून पुन्हा निघालो, तर खडखडाटाने डावा बैल बुजला आणि जोडी धुऱ्यावर चढली. कोणाला लागले नाही ही देवाची कृपा. गवत मात्र इतके झोडपले गेले की मागे पानांचा चुरा पडला होता. एक बाई तो चुरा ओंजळीत घेऊन म्हणाली, "भाऊ, खायचं तं हेच व्हतं ना!"

चूक कुठे झाली ते तिथेच कळले. आम्ही गवत जोरात कसे फेकता येईल याचा विचार केला होता. गवताला तर नुसते हलक्या हाताने उलटायचे होते.

दुसरा नमुना

दुसऱ्या हंगामात आम्ही तिरप्या चाकांकडे वळलो. त्याचे तत्त्व सोपे आहे. सायकलचे चाक ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने सरळ ढकलले तर ते नुसते फिरते. तेच चाक चालण्याच्या दिशेला आडवे धरून ओढले तर फिरत नाही, नुसते घासत जाते. या दोहोंच्या मध्ये, तिरपे धरले तर ते फिरतेही आणि बाजूलाही रेटते. अशा चाकाच्या कडेला बोटांसारखे दात लावले, की ते दात गवताची ओळ खालून उचलतात आणि पालथी करून बाजूला ठेवतात. साखळी नको, डिझेल नको. बैलांच्या चालीनेच चाक फिरते.

आम्ही दोन चाके घेतली आणि प्रत्येकाला २४ दात बसवले. चौकटीला डवऱ्यासारखी दांडी लावून ती जुवाला जोडली. चाकाचा कोन बदलता यावा म्हणून पट्टीला भोके पाडली. चाक जमिनीवर दाबून बसू नये म्हणून त्याचा भार जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगवर तोलला. हे महत्त्वाचे आहे. दात जमिनीत रुतले तर गवतात माती आणि खडे येतात, आणि ढोरांना तेच खावे लागते. दात गवताखाली जावेत, पण जमीन खरवडू नये, इतकाच टेक हवा.

मग परीक्षा घेतली. एकाच वावरात गवताचे तीन पट्टे ठेवले. एक न उलटता तसाच सोडला, एक बायांनी दाताळ्याने उलटला, एक यंत्राने. वाळले की नाही हे पाहण्यासाठी दर वेळी मूठभर गवत घेऊन पीळ दिला. पिळाला ओलसर लागले, काडी न मोडता वाकली, की अजून ओल आहे. काडी कडकन मोडली आणि नखाने खरवडल्यावर साल निघाली नाही, की झाले.

न उलटलेला पट्टा दोन दिवसांनीही खालून ओला आणि उबट वासाचा होता. बाकीचे दोन पट्टे सारखेच वाळले. हे मी मुद्दाम सांगतो. यंत्राने वाळवलेले गवत हाताने वाळवलेल्यापेक्षा चांगले नव्हते. फरक पडला तो वेळेचा आणि कंबरेचा. ज्या कामाला तीन बायांची सकाळ जात होती, ते एका बैलजोडीने न्याहारीच्या वेळेपर्यंत उरकले. आभाळ भरून आले असताना ही सकाळ फार मोठी असते.

डोंगरउताराच्या गायरानात मात्र यंत्र चालले नाही. दगडांवर दात अडकतात आणि उतारावर चौकट घसरते. तिथे दाताळेच खरे.

हरवलेला दात

चौथ्या दिवशी संध्याकाळी यंत्र धूत असताना डाव्या चाकाला २३ दात दिसले. पुन्हा मोजले. तेवीसच.

दात मुळाशी तुटला होता. कारण नंतर कळले, आणि दोष माझ्या घाईचा होता. दात स्प्रिंगच्या पोलादाचे होते. असे पोलाद वेल्डिंगच्या आचेने तापून झटकन थंड झाले की त्या जागी ठिसूळ होते. दात नट-बोल्टने आवळायला हवे होते. वेल्डिंगवाल्या भावांनी तसे सुचवलेही होते. पण बोल्ट आणायला तालुक्याला जावे लागले असते, आभाळ भरत होते, आणि मीच म्हणालो, "आता लावून टाका."

त्या दिवशी दोन घरांचे गवत उलटून एकत्र रचले होते. तुटलेला दात त्यात असेल तर? गाय-बैल चारा निवडून चावत नाहीत. घाईने गिळतात आणि नंतर रवंथ करतात. गवताबरोबर तार किंवा खिळा पोटात गेला तर तो पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो. तिथून पडद्यापलीकडे हृदय फार दूर नसते. जनावर खाणे सोडते, पाठ वाकवून उभे राहते, आणि पुष्कळदा हातचे जाते. ज्या बैलांसाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्यांच्याच वैरणीत आम्ही लोखंड टाकले होते.

मी त्या दोन्ही घरी जाऊन सांगितले, की या गंजीतली काडीही ढोरांना घालू नका. एका घरची आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमी गवत उलटतो तवा हातातली बांगडी फुटली, तं सगळे तुकडे वेचतो अन् मंग पेंढी बांधतो. तुमच्या मशीनले कोन पाहते?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी गंजी मोडली. जुन्या लाउडस्पीकरचे चुंबक काठीला बांधले आणि एकेक पेंढी पसरून त्यावरून फिरवले. दोन दिवस लागले. त्या दोन्ही घरची ढोरे तोवर शेजाऱ्यांनी दिलेल्या कुटारावर राहिली. चुंबकाला एक खिळा आणि कुंपणाच्या तारेचे दोन तुकडे लागले. आमचा दात नाही. तिसऱ्या दिवशी एका मुलाला तो वावरात, काळ्या मातीच्या भेगेत उभा रुतलेला सापडला. वीतभर लांबीचा. मी तो जपून ठेवला आहे.

खिळा आणि तारेचे तुकडे आमच्या यंत्राचे नव्हते. म्हणजे यंत्र नसतानाही हा धोका गंजीत होताच. पण म्हणून आमची चूक लहान होत नाही.

त्यानंतर काय बदलले

पहिले म्हणजे आता एकही दात वेल्डिंगने बसवलेला नाही. प्रत्येक दात दोन पट्ट्यांमध्ये धरून बोल्टने आवळला आहे.

दुसरे, सगळ्या दातांच्या मुळाशी वेटोळे देऊन त्यातून एक बारीक तारदोर ओवला आहे. वेटोळ्याच्या पुढे दात तुटला तरी... हे पुरेसे नाही, कारण तुटलेले टोक पडू शकतेच. वेटोळ्याशी तुटला तर मात्र तो दोरात लोंबकळत राहतो. दात बहुधा तिथेच तुटतो, कारण सारा ताण तिथेच येतो.

तिसरे, दातांना लाल रंग दिला आणि ते मोजायचा नियम केला. हा नियम त्या आजीचा. "सांजच्याले बकऱ्या मोजूनच कोंडतो ना आमी," ती म्हणाली. वावरात जाताना ४८, वावर सोडताना ४८. एक जरी कमी भरला तर गवत रचायचे नाही.

चौथे, कडबा कुट्टी यंत्राच्या तोंडाशी चुंबक बसवले. गवत कापले जाण्याआधी त्याच्यावरून सरकते.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक नियम आहे, की नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून मरणार नाही. वर्गात असताना हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. नवी वस्तू दुसऱ्याच्या अंगणात नेणाऱ्याने कठडा आधी बांधायचा असतो, हे मला त्या गंजीजवळ बसून समजले.

मजुरीचा प्रश्न

आणखी एक गोष्ट लपवून ठेवत नाही. बायांनी पहिल्याच बैठकीत विचारले होते, की हे यंत्र मोठ्या शेतकऱ्यांकडे जाणार का? स्वतःच्या ढोरांसाठी गवत उलटण्याची मजुरी त्यांना कोणी देत नाही, तिथे यंत्र आले तर आनंदच. पण पावसात भिजलेल्या सोयाबीनच्या सुड्या मोडून पसरायला आणि उलटायला त्या मजुरीने जातात. ते पैसे दिवाळीचे असतात.

यावर बराच विचार झाला. सोयाबीनवर हे यंत्र तसेही वापरू नये, कारण वाळलेल्या शेंगा दातांच्या माराने फुटून दाणे सांडतात. तरीही यंत्र बचत गटाच्या ताब्यात ठेवले आहे. कोणाला द्यायचे, कोणत्या कामाला द्यायचे आणि भाडे किती घ्यायचे, हे गटातल्या बाया ठरवतील. किल्ली माझ्याकडे नाही.

तर "यंत्र झाले का?" याचे उत्तर असे. सपाट वावरासाठी ते चालण्याजोगे झाले आहे. उतारासाठी झालेले नाही. बदललेल्या दातांची खरी परीक्षा येत्या आश्विनात होईल, आणि एक हंगाम नीट पार पडल्याशिवाय दुसऱ्या वस्तीसाठी यंत्र करणार नाही. पहिल्या नमुन्याचे पैसे वाया गेले. त्यातले लोखंड दुसऱ्यात वापरले, एवढेच समाधान.

या वेळी आपणाकडे पैसे मागत नाही. पण पुष्कळ घरांत आणि मंडळ्यांच्या कपाटांत बंद पडलेले लाउडस्पीकर धूळ खात असतात. त्यांच्या मागे एक जाड, गोल चुंबक असते. ते काढून आमच्याकडे पाठवा. वस्तीवरच्या प्रत्येक गोठ्यात एक चुंबक टांगायचे आहे, म्हणजे वैरण घालण्याआधी तिच्यावरून फिरवता येईल. मुलांनी त्यासाठी दोऱ्या आताच वळून ठेवल्या आहेत.